पिंपांवरचे हात

सव्वीस वर्षांची असताना मी एका कारखान्यातली अकरा पिंपं एकाच निळ्या रंगात रंगवून घेतली, त्यांच्यावर स्वतःच्या हाताने पांढरी अक्षरं काढली आणि स्वतःवर इतकी खूश झाले की घरी येऊन शिरा केला. त्यात केळंही घातलं. नवरा म्हणाला, "काय हाय आज?" मी म्हटलं, "काही नाही, सहज." सहज कसलं! त्या शिऱ्याची चव अजून कधीकधी तोंडात येते, आणि मग मी उठून चूळ भरून येते.

माझ्या मूर्खपणाच्या गोष्टी नातीला फार आवडतात. सासऱ्यांच्या धोतराला नीळ जास्त घालून ते आभाळासारखं केलं, सायकल शिकताना बाजारात कांद्याच्या ढिगात घुसले, हे सगळं ती मला पुन्हा पुन्हा सांगायला लावते. ही गोष्ट मात्र मी तिला सांगितलेली नाही. हिची सुरुवात हसण्यासारखी आहे. ती हसायला लागेल, आणि तिला मध्येच थांबवायचं कसं हे मला ठाऊक नाही.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात. आम्ही अमरावतीकडचे. नवरा मोठ्या प्लांटात क्लार्क, राहायला सेक्टरमधलं क्वार्टर. मी इंडस्ट्रियल एरियातल्या एका छोट्या कारखान्यात नोकरी धरली. सासूबाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. "कावून जातं वो तू तिथं? घरी काय कमी हाय?" असं त्या रोज डबा भरताना विचारत आणि डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या घालत.

कारखाना नटबोल्टांवर जस्ताचा मुलामा चढवण्याचा. आधी लोखंड कास्टिकच्या पाण्यात बुडवून त्याचं तेल काढायचं, मग तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, टाकीत बुडवून गंज काढायचा, मग वितळलेल्या जस्तात. शेडमध्ये शिरलं की पहिल्यांदा घशाला कळायचं आणि मग डोळ्यांना. माझी खोली शेडच्या एका टोकाला, काचेच्या खिडकीआड. स्टोअरची चावी माझ्याकडे, टायपिंग माझ्याकडे, आणि जे काही सुवाच्य लिहायचं असेल ते माझ्याकडे. अक्षर माझं खरंच चांगलं होतं. शाळेत फळ्यावरचा सुविचार सहा वर्षं मी लिहिला. त्याचा माज सव्विसाव्या वर्षापर्यंत उतरला नव्हता.

शेडमध्ये सहा रेजा होत्या, म्हणजे मजुरी करणाऱ्या बायका, सगळ्या छत्तीसगढी. त्यांतली सर्वांत मोठी चाळिशीची असेल. रुआबांध्याहून पायी यायची. उंच, हाडापेराने मोठी, आणि हात तर असे की दोन्ही पंज्यांत सूप मावावं. तिला कोणी मुकादम केलं नव्हतं, पण बाकीच्या पाचजणी तिच्याकडे बघून हलायच्या. माझी उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. पहिल्याच दिवशी तिने मला वरून खाली बघितलं, म्हणजे फार खाली बघावं लागलं नाही, आणि नाव ठेवलं: "नानकुन बाई." नानकुन म्हणजे इवलीशी. आठवड्याभरात साहेब सोडून सगळा कारखाना मला तेच म्हणायला लागला.

ती मला चिडवायची, आणि मला ते आवडायचं. मी रजिस्टर घेऊन लगबगीने शेडमधून गेले की म्हणायची, "देख, नानकुन बाई के दू कदम, मोर एक कदम." तिची दोन पावलं म्हणजे माझं एक. बाकीच्या हसायच्या. मीही.

आता पिंपांचं सांगते. अकरा पिंपं होती, गंजून तपकिरी झालेली. काहींत कास्टिकचं घट्ट पाणी, काहींत पातळ, दाराजवळच्या दोनांत साधं पाणी. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण प्रत्येक कास्टिकच्या पिंपावर पांढऱ्या मातीचा पंजा उमटवलेला होता. ती माती इकडे घरं सारवायला वापरतात, तिला छुही म्हणतात. देवारीला, म्हणजे इकडच्या दिवाळीला, भिंतींवर आणि धानाच्या कोठ्यांवर बायका हातांनी छाप काढतात, त्याला म्हणतात हाथा. तेच तिने कारखान्यात आणलं होतं. पातळ कास्टिकवर एक पंजा, म्हणजे जपून. घट्ट कास्टिकवर दोन पंजे, म्हणजे जवळसुद्धा उभं राहायचं नाही. पंजा नसेल ते पाणी. पाण्याच्या पिंपाला साखळीने एक ॲल्युमिनियमचा मग बांधलेला. नवीन बाई कामाला लागली की ही तिला हाताला धरून अकराही पिंपांपाशी फिरवायची आणि दोन मिनिटांत शिकवणी संपायची.

छुहीत ती बाभळीचा डिंक घालायची, म्हणजे लवकर निघत नाही. तरी महिन्या-दोन महिन्यांनी पंजे पुसट व्हायचे, मग पुन्हा लावायची. एकदा मी विचारलं होतं, एवढे मोठ्ठे कशाला, छोटी खूण केली तरी चालेल की. ती म्हणाली, "हाथा दूरिहा ले दिखना चाही, बाई. लकठा म आके पता चलही त का फायदा?" लांबून दिसला पाहिजे, जवळ आल्यावर कळून काय करायचं. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी हुशार होते.

त्या वर्षी विश्वकर्मा पूजेच्या आधी साहेबांनी मला बोलावलं. भिलाईत विश्वकर्मा पूजा म्हणजे काय ते भिलाईकरांना सांगायला नको. त्या दिवशी लेथ मशीनलाही हार पडतो. साहेब म्हणाले, "मैडम, इस बार बाहर से लोग आएंगे पूजा देखने. और उसी हफ्ते इन्स्पेक्टर भी है. सब चकाचक चाहिए." शिवाय फॅक्टरी इन्स्पेक्टरकडून एक कागद आला होता. प्रत्येक पिंपावर आत काय आहे त्याचं नाव स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, असं त्यात होतं. कागद बरोबरच होता. चूक वाचणारीची होती. तिला त्या कागदात फक्त स्वतःचं अक्षर दिसलं.

रंगारी बोलावला. पंजे तारेच्या ब्रशने घासून काढायला लावले, कारण त्यांच्यावर रंग धरत नव्हता. सगळी पिंपं निळी. मग माझ्या डोक्यात आलं, ही अशी वेडीवाकडी कशाला, उंचीप्रमाणे लावू. लावली. पाण्याची दोन बुटकी होती, ती दारापासून उचलून रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेली. दाराजवळ आली उंच, कास्टिकची. मगाची साखळी गंजलेली होती म्हणून काढून टाकली आणि तो मग चिंचेने घासून दारालगतच्या खिळ्यावर टांगला, शोभेला. आणि स्टुलावर चढून, जीभ दाताखाली धरून, बाईसाहेबांनी अक्षरं काढली. पानी. कास्टिक सोडा. खाली "सावधान". सावधानच्या वरची रेघ मी तीनदा काढली, सरळ येईना म्हणून.

ती घमेलं घेऊन येऊन माझ्या मागे उभी राहिली.

"नानकुन बाई, मोर हाथा कहां गे?"

मी स्टुलावरूनच म्हटलं, "अब अक्षर है ना. हाथ किसलिए?"

"अक्षर ला कोन पढ़ही?" अक्षरं वाचणार कोण, सहाजणींतल्या एकीलाही येत नव्हतं.

"मैं सिखाऊंगी. सोमवार से, खाने की छुट्टी में. तुम सबको." हे मी खोटं म्हटलं नव्हतं. दोन पाट्या आणि पेन्सिलींचा पुडा आणून कपाटात ठेवलाही होता. मला डोळ्यांसमोर चित्र दिसत होतं, मी मध्ये आणि सहाजणी भोवती.

ती थोडा वेळ अक्षरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सोमवार तक मोला फेर लगावन दे." तोपर्यंत मला पुन्हा लावू दे.

मी ओल्या निळ्या रंगाकडे बघितलं. म्हटलं, "दो दिन रुक जा ना. इन्स्पेक्टर आके जाने दे. फिर लगा लेना."

"बने हे," ती म्हणाली. बरं आहे. आणि घमेलं उचलून गेली. तिने हट्ट केला नाही. करायला हवा होता, असं मी पुढे कितीतरी दिवस मनात म्हणत असे. म्हणजे बघा, तिथेही मी तिच्याच अंगावर ढकलत होते.

पूजा छान झाली. पाहुण्यांनी पिंपांचं कौतुक केलं. "अक्षर किसका है?" असं एकाने विचारलं आणि मी पदर सावरला. माझ्या कपाटात डोळ्यांवर लावायचे बारा चष्मे होते, जाड काचेचे, प्लास्टिकच्या पिशवीसकट, इन्स्पेक्टर आला की दाखवायचे. तेही त्या दिवशी बाहेर काढून देवापुढे मांडले. प्रत्येकाला कुंकू लावलं. संध्याकाळी पुसून, मोजून पुन्हा कपाटात ठेवले आणि चावी पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. साडेनऊ झाले असतील. मी काल वापरलेल्या उदबत्त्यांची नोंद कशात करायची याचा विचार करत होते. नटबोल्टांची टोपली तेजाबात सोडताना हूक निसटला आणि टोपली धपकन आत पडली. तो आवाज मी ऐकला. मग बायकांची किंकाळी. मी खिडकीतून बघितलं तर ती दोन्ही हातांनी तोंड धरून धावत होती.

ती पाण्याकडे धावली. आठ वर्षं पाणी जिथे होतं तिथे, दाराजवळ. डोळे मिटलेले, हात पुढे. मग हाताला लागला, खिळ्यावरचा, माझा चिंचेने घासलेला मग. तिने पिंपात बुडवला आणि तोंडावर मारला. पुन्हा बुडवला.

मी माझ्या खोलीच्या दारात आले होते. मध्ये वीस पावलं. तिथून मला वाचता येत होतं. इतकं स्वच्छ, इतकं ठळक लिहिलं होतं मी. कास्टिक सोडा, सावधान. मी ओरडले, "वो नहीं! वो नहीं!" तेवढ्यात दुसरा मगही डोळ्यांवर गेला होता. आणि खरं सांगायचं तर "वो नहीं" ऐकून कोणाला काय कळणार होतं? कुठलं नाही? सगळी तर निळीच होती.

तिला खऱ्या पाण्याशी नेलं, खूप पाणी ओतलं, टेम्पोत घालून हॉस्पिटलात नेलं. टेम्पोत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती एकच विचारत होती, "पानी रिहिस न बाई? पानी रिहिस न?" पाणीच होतं ना? मी म्हटलं, "हां, पानी था." तेवढं खोटं मी त्या दिवशी जाणूनबुजून बोलले.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. तेजाबाचे थेंब उडाले होते ते भुवईवर, गालावर. डोळ्यांत थोडं गेलं असेल, पाण्याने निभावलं असतं. दोन्ही डोळे गेले ते नंतरच्याने.

घरी येऊन मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले. नवऱ्याला सगळं सांगितलं, पंज्यांसकट. तो शेजारी येऊन बसला. मग हळू विचारलं, "तुले कोनं सांगतलं होतं ते पंजे पुसाले?"

"कोनंच नाही," मी म्हटलं.

याहून वाईट पुढे आहे. चौकशी झाली. साहेबांनी मजकूर सांगितला आणि मी टाइप केला. पिंपांवर नाव आणि धोक्याची सूचना स्पष्ट अक्षरांत लिहिलेली होती. कामगार स्त्रीने ती न पाहता पिंपातला द्रव वापरला. असंच काहीसं. साहेब मजकूर सांगताना खिडकीबाहेर बघत होते. मी मशीनकडे बघत होते. तीन प्रती काढल्या, कार्बन घालून. एक खाडाखोड नाही. त्या कागदात कुठेही लिहिलेलं नव्हतं की आधी तिथे पंजे होते. त्या पंज्यांचा अर्थ ऑफिसात मला एकटीला ठाऊक होता आणि शेडमध्ये त्या पाचजणींना; पाचजणींना कोणी विचारलं नाही, आणि मला विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं कोण जाणे. मुलगी लहान होती, नोकरी हवी होती, आणि अक्षर चांगलं होतं. तशीच होते मी.

तिला कामावरून कमी केल्याचा कागदही मीच टाइप केला.

मग एके दिवशी, दुपारच्या सुट्टीत, त्या पाचजणी जेवायला बसल्या होत्या तेव्हा मी एकीला म्हटलं, उद्या छुही आणशील का? तिने आणली, न विचारता डिंकही आणला. मी तिला म्हटलं, "तू लगा." ती दोन पावलं मागे सरकली. "ओखर हाथ रिहिस," म्हणाली, तो तिचा हात होता. बाकीच्या चौघीही पुढे झाल्या नाहीत. मग मीच पदर खोचला, पंजा छुहीत बुडवला आणि माझ्याच अक्षरांवर, सावधानच्या सरळ रेघेवर, उमटवला. एक पंजा, दोन पंजे, जसे तिचे होते तसे. पिंपं आधीच्या जागी हलवून घेतली. पाण्याचा मग पुन्हा साखळीने बांधला. बारा चष्मे कपाटातून काढून वाटले. साहेब बाहेर येऊन म्हणाले, "ये क्या भूत के पंजे लगा दिए?" मी म्हटलं, "साहब, रहने दीजिए." माझ्या कोपरापर्यंत छुही होती आणि मी रडत होते. ते आत गेले. पंजे राहिले.

तिच्या घरी जायला मला त्यानंतरही पंधरा दिवस लागले. रोज ठरवायची आणि रोज काहीतरी निघायचं. शेवटी देवारीच्या दुसऱ्या दिवशी गेले. पिशवीत चिवडा आणि चार लाडू. काय न्यायचं अशा वेळी? रुआबांध्याच्या वस्तीत तिचं घर शोधत गेले तर सगळ्या भिंती ताज्या सारवलेल्या आणि दारादारांवर हाथे. तिच्या भिंतीवर नव्हते. भिंत सारवलेली होती, स्वच्छ, कोरी.

ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. बोटांनीच; एकेक खडा शोधून बाजूला ठेवत होती. चेहऱ्याकडे मी आधी पाहिलं नाही, सुपाकडेच पाहत राहिले. तिने मान वर केली.

"कोन? नानकुन बाई?"

मी पिशवी ओट्यावर ठेवली. ती म्हणाली, "दू कदम सुने हौं." तुझी दोन पावलं ऐकली.

मी तिच्याशेजारी बसले. सगळं सांगितलं. पाणी नव्हतं ते सांगितलं. तो कागद मी टाइप केला, दुसराही मीच केला, तेही सांगितलं, भराभर, जशी काही घाई होती. ती तांदूळ निवडत राहिली. तिची सून आतून येऊन दारात उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आत गेली. पाणी विचारलं नाही. योग्यच केलं.

माझं बोलणं संपलं. मला वाटलं, आता उठावं. तेवढ्यात तिने विचारलं, "अब पिपा मन म का हे?" आता पिंपांवर काय आहे?

"हाथा है," मी म्हटलं. "जैसा तेरा था. एक और दो."

"काकर हाथ?"

"मेरा."

तिने सूप बाजूला सारलं आणि हात पुढे केला. मला आधी कळलं नाही. मग मी माझा हात तिच्या हातावर ठेवला. तिने तो उलटा केला, मनगटाला मनगट लावलं, तळव्याला तळवा. माझी बोटं तिच्या बोटांच्या मधल्या पेरापर्यंतच पोचली. ती आपल्या अंगठ्याने माझ्या एकेका बोटाचं टोक चाचपत होती, मघाशी तांदळातले खडे शोधत होती तशी. मग तिने मान हलवली आणि, काम नीट न करणाऱ्या नवीन बाईला सांगावं तशा आवाजात, म्हणाली:

"तोर हाथ त नानकुन हे, बाई. दूरिहा ले नइ दिखय." लांबून दिसायचा नाही. " जा, छुही घोर के लान, कागद म मोर हाथ के छाप ले जा."